एनएफटी घेण्याआधी: कोणतं कलेक्शन टिकेल हे कसं तपासायचं

२४ एप्रिल २०२५ रोजी क्लोन-एक्स या एनएफटी कलेक्शनच्या, म्हणजे ब्लॉकचेनवर मालकी नोंदवलेल्या डिजिटल चित्रांच्या संचाच्या, मालकांनी आपापलं वॉलेट (टोकनं सांभाळायचं डिजिटल पाकीट) उघडलं तर चित्रांच्या जागी काळी चौकट आणि तीवर पांढऱ्या अक्षरांत एक सूचना होती. संकेतस्थळांचा मजकूर पोचवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीची साधी सेवा अशा कामासाठी वापरणं अटींत बसत नाही, म्हणून हा मजकूर रोखला आहे, असा तिचा अर्थ. हे कुणा अनोळखी पोरांनी घाईत काढलेलं कलेक्शन नव्हतं. जपानी चित्रकार ताकाशी मुराकामी यांचा त्यात सहभाग होता. ते बनवणारा आर्टिफॅक्ट हा स्टुडिओ डिसेंबर २०२१ मध्ये नायकेसारख्या कंपनीने विकत घेतला होता. भर बाजारात यातल्या एकेका चित्रासाठी लोकांनी हजारो डॉलर मोजले. मग डिसेंबर २०२४ मध्ये नायकेने हा स्टुडिओ गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, आणि पाच महिन्यांच्या आत हा दिवस उजाडला.

चित्रं पुढे परत आली. पण त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली. टोकन, म्हणजे चित्राची मालकी सांगणारी डिजिटल पावती, जागच्या जागी होतं, मालकाचं नाव बदललं नव्हतं, ब्लॉकचेन या अनेक संगणकांवर जपलेल्या सामायिक नोंदवहीतली नोंद शाबूत होती, आणि तरीही ज्यासाठी पैसे मोजले ते दिसत नव्हतं.

नवीन माणूस मला नेहमी विचारतो, ‘याचा भाव वाढेल का?’ याचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही, आणि छातीठोकपणे देणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं. मी त्याला वेगळा प्रश्न धरायला सांगतो: बनवणारे उद्या निघून गेले आणि भाव पार तळाला गेला, तर माझ्या हातात काय उरेल, आणि माझ्याबरोबर कोण उरेल? या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच प्रमाणात आधीच शोधता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, पंधरा दिवसांचा वेळ लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅपगॅम्बल या संकेतस्थळाने ७३,२५७ कलेक्शन तपासली, तेव्हा त्यातल्या ६९,७९५ कलेक्शनचं बाजारमूल्य शून्य इथर (इथेरियम ब्लॉकचेनवरचं चलन) निघालं. या बाजारात बहुतेक गोष्टी टिकत नाहीत असंच धरून सुरुवात करा. मग जे टिकण्यासारखं आहे ते शोधणं सोपं जातं.

पहिली पायरी: आपण नेमकं काय घेतोय?

एनएफटी या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि प्रत्येकीची परीक्षा वेगळी.

काही एनएफटी कलाकृती असतात. आर्ट ब्लॉक्स हे व्यासपीठ नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं. तिथे कलाकार चित्राऐवजी चित्र काढणारा प्रोग्राम लिहितो आणि तुम्ही मिंट करता, म्हणजे नवं टोकन पहिल्यांदा तयार करून घेता, त्या क्षणी तुमचं चित्र तयार होतं. टायलर हॉब्स यांची फिडेन्झा ही ९९९ चित्रांची मालिका जून २०२१ मध्ये तिथेच आली. अशा ठिकाणी कलाकाराचं आधीचं आणि नंतरचं काम बघायचं, जसं कुठल्याही चित्राच्या बाबतीत बघतो.

दुसरा प्रकार प्रोफाइलच्या चित्रांचा, म्हणजे पीएफपी. दहा हजार चेहरे, प्रत्येकाला वेगळी टोपी, वेगळा चष्मा. इथे चित्राइतकीच त्यामागची मंडळी महत्त्वाची. तिसरा प्रकार वापराच्या वस्तूंचा: खेळातली हत्यारं, कार्यक्रमांचे पास, ‘डॉट ईटीएच’ने संपणारी नावं. यांची किंमत वापरावर ठरते. खेळ बंद पडला की तलवारीला गिऱ्हाईक नाही.

तुम्ही घेताय ती वस्तू या तिन्हींपैकी कशात बसते हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तिथेच थांबा. ‘कला पण आहे, क्लब पण आहे, पुढे गेमही येणार आहे’ असं सगळं एकदम सांगणारी कलेक्शन मी बरीच पाहिली, आणि त्यातल्या बहुतेकांकडून यातलं एकही धड झालं नाही.

दुसरी पायरी: खऱ्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता

जानेवारी २०२२ मध्ये ओपनसी या एनएफटीच्या बाजाराने स्वतःच सांगितलं होतं की त्यांच्या फुकट मिंट करायच्या सोयीतून तयार झालेल्या वस्तूंपैकी ८० टक्क्यांहून जास्त वस्तू चोरलेल्या चित्रांच्या, बनावट कलेक्शनच्या किंवा निव्वळ कचरा होत्या. चित्र उजवं क्लिक करून कुणीही उतरवून घेतो, नावही तेच देतो. नक्कल करता येत नाही ती फक्त कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे टोकनं सांभाळणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रामच्या, पत्त्याची.

म्हणून बाजाराच्या शोधपट्टीत नाव टाकून समोर येईल ते घ्यायचं नाही. कलेक्शनच्या मूळ संकेतस्थळावरून पत्ता घ्यायचा, ईथरस्कॅन या ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर उघडायचा आणि बाजारातल्या पानावरच्या पत्त्याशी पडताळायचा. पहिले चार आणि शेवटचे चार आकडे जुळले म्हणजे झालं असं मानू नका. तेवढे जुळणारे पत्ते मुद्दाम बनवतात. पूर्ण पत्ता जुळवा.

तिसरी पायरी: पदर उलटून बघा

हातमागाची पैठणी घेताना जाणती बाई पदर उलटून बघते, कारण खऱ्या विणीत मागची बाजूही पुढच्यासारखीच साफ असते. एनएफटीचा पदर असाच उलटता येतो, आणि नवख्या माणसाने शिकून घ्यावी अशी ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. म्हणून इथे थोडं सावकाश सांगतो.

ब्लॉकचेनवर सहसा चित्र नसतं. तिथे असतो टोकनचा क्रमांक, मालकाचा पत्ता आणि ‘याची माहिती अमुक ठिकाणी आहे’ असा एक दुवा. तो दुवा कुठे जातो यावर सगळं अवलंबून असतं.

ईथरस्कॅनवर कॉन्ट्रॅक्टचं पान उघडा. ‘कॉन्ट्रॅक्ट’ या टॅबखाली ‘रीड कॉन्ट्रॅक्ट’ असं बटण असतं. तिथल्या यादीत ‘टोकन-यूआरआय’ शोधा, रकान्यात एखादा क्रमांक टाका, समजा १०१, आणि ‘क्वेरी’ दाबा. वॉलेट जोडावं लागत नाही, पैसा लागत नाही. खाली उत्तर येतं.

ते उत्तर साध्या संकेतस्थळासारखं ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तर तुमची वस्तू कुणाच्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर आहे. भाडं थकलं की वस्तू गेली. उत्तर आयपीएफएसचं, म्हणजे अनेक संगणकांवर फाइली ठेवायच्या सामायिक जाळ्याचं, असेल तर बरं. तिथे पत्ता फाइलच्या आशयावरूनच तयार होतो, त्यामुळे चित्र गुपचूप बदलता येत नाही. पण आयपीएफएसवर ठेवलेली फाइल कुणीतरी सांभाळत राहावी लागते, ती आपोआप अमर होत नाही. आरवीव्ह या कायमच्या साठवणुकीच्या जाळ्यावर असेल तर साठवणुकीचे पैसे एकदाच भरलेले असतात. आणि उत्तर ‘डेटा’ या शब्दाने सुरू होऊन पुढे अक्षरांचं भलंमोठं भेंडोळं आलं, तर चित्र बहुधा खुद्द चेनवरच आहे.

एकदा ऑटोग्लिफ्सवर हे करून बघाच. लार्व्हा लॅब्सने २०१९ मध्ये काढलेल्या या ५१२ चित्रांपैकी कोणताही क्रमांक टाकला की पडद्यावर ठिपके, अधिकची चिन्हं, उभ्या-आडव्या आणि तिरप्या रेघा यांची लांबच लांब रांग येते. ६४ ओळी, प्रत्येक ओळीत ६४ चिन्हं. ती कागदावर नियमाप्रमाणे मांडत गेलात तर चित्र तयार होतं. कंपनी, सर्व्हर, संकेतस्थळ यातलं काहीच मधे नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा रात्री बराच वेळ एकामागून एक क्रमांक टाकत बसलो होतो.

आणखी एक बघा. कॉन्ट्रॅक्टच्या ‘राइट’ भागात ‘सेट-बेस-यूआरआय’ असं काही आहे का? असेल आणि त्यावर कायमचं कुलूप लावलेलं नसेल, तर मालकाला सगळ्या चित्रांचा दुवा एका व्यवहारात बदलता येतो. मिंटनंतर चित्रं उघड करायची असतात तेव्हा ही सोय लागते, ते समजण्यासारखं आहे. पण दोन वर्षांनंतरही ती किल्ली एका माणसाच्या वॉलेटमध्येच असेल, तर का, हे विचारा.

हे मी पोटतिडकीने सांगतो त्याला कारण आहे. २०२२ च्या सुरुवातीला मी ०.०६ इथरला प्राण्यांच्या चित्रांचं एक टोकन घेतलं होतं. चित्र खरंच आवडलं होतं, दुवा बघायची अक्कल तेव्हा नव्हती. वर्षभराने मंडळी गायब झाली आणि पुढे त्यांच्या डोमेनचं नूतनीकरणच कुणी केलं नाही. टोकन अजून माझ्या वॉलेटमध्ये आहे. चित्राच्या जागी तुटलेल्या दुव्याची खूण आहे. माझ्याकडे त्याचा साधा स्क्रीनशॉटही नाही.

चौथी पायरी: बनवणाऱ्यांनी याआधी काय सोडून दिलंय?

नाव गुप्त ठेवणं हा गुन्हा नाही. या क्षेत्रात चांगली कामं करणारेही टोपणनावाने वावरतात. पण टोपणनावालाही इतिहास असतो. मे २०२२ मध्ये अझुकी या गाजलेल्या कलेक्शनच्या संस्थापकाने स्वतःच लिहून कबूल केलं की आपण याआधी काही कलेक्शन काढून मधेच सोडली होती. अझुकीचा भाव त्या दिवसांत जोरात आपटला. वॉलेटचे जुने व्यवहार चाळले तर अशा गोष्टींची कुणकुण आधीच लागू शकते.

उघड फसवणुकीची उदाहरणं तर पुष्कळ. जानेवारी २०२२ मध्ये फ्रॉस्टीज नावाच्या ८,८८८ चित्रांच्या कलेक्शनने सुमारे ११ लाख डॉलर गोळा केले आणि काही तासांत संकेतस्थळ, डिस्कॉर्ड (सदस्यांचा गप्पांचा कट्टा) सगळं बंद झालं. मार्चमध्ये अमेरिकेत दोघांना अटक झाली, दोघंही वीस वर्षांचे, आणि तोवर त्यांची पुढच्या कलेक्शनची तयारी झाली होती. अशा ठिकाणी रोडमॅप, म्हणजे पुढच्या बेतांचा आराखडा, फार सुबक असतो. म्हणून रोडमॅपला मी शून्य गुण देतो. पुढे काय करणार यापेक्षा आजवर काय पुरं केलं तेवढंच मोजा.

पाचवी पायरी: यांचं घर कशावर चालतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते मोठमोठी कलेक्शन इथेच ढासळली.

सुरुवातीच्या काळात हिशेब सोपा होता. मिंटचे पैसे येत आणि मग प्रत्येक फेरविक्रीवर पाच-साडेसात टक्के रॉयल्टी. मंडळींनी पगार, कार्यालयं, कार्यक्रम सगळं त्यावर उभं केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लर हा बाजार आला. सट्टेबाजांना तिथे जवळजवळ बिनरॉयल्टीचे व्यवहार करता येऊ लागले, आणि बाजारांची आपापसात चढाओढ लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसीनेही रॉयल्टी सक्तीने वसूल करणारी आपली यंत्रणा बंद केली. म्हणजे ज्या उत्पन्नावर सगळं उभं होतं तेच स्वेच्छेचं झालं.

उत्पन्न आटलं की मंडळी जुन्याच गिऱ्हाइकांना नवीन माल विकू लागतात. २७ जून २०२३ ला अझुकीने एलिमेंटल्स नावाची २०,००० नवी चित्रं आणली. निम्मी जुन्या मालकांना दिली, निम्मी प्रत्येकी २ इथरला विकली. थोड्या मिनिटांत २०,००० इथर जमा झाले, त्या वेळच्या भावाने सुमारे ३.८ कोटी डॉलर. चित्रं उघडली तेव्हा ती जुन्या अझुकीसारखीच दिसत होती. ज्यांनी जुनी चित्रं ‘फक्त दहा हजार’ म्हणून घेतली होती ते संतापले आणि जुन्याचाही भाव घसरत गेला. बोअर्ड एप या माकडांच्या कलेक्शनच्या बाबतीत हेच सावकाश घडलं. एप्रिल २०२१ मध्ये ०.०८ इथरला मिंट झालेली १०,००० माकडं, मग २०,००० पर्यंत म्युटंट माकडं, मग एपकॉइन हे चलन, मग ३० एप्रिल २०२२ ला अदरसाइड या आभासी जगातल्या ५५,००० जमिनींची विक्री. फ्लोअर, म्हणजे बाजारातली सर्वात कमी मागितलेली किंमत, त्याच सुमाराला १५० इथरच्या आसपास पोचला होता. जुलै २०२३ मध्ये तो ३० च्या खाली होता.

बाजार सगळ्यांचाच पडला होता, हे खरं. पण कलेक्शन बघताना हे नक्की मोजा: पहिल्या मिंटनंतर याच मंडळींनी आणखी किती टोकनं काढली, आणि ती विकत घेणारे नवे लोक होते की तेच ते? तेच ते असतील तर बाहेरून पैसा येत नाही, एकमेकांच्या खिशातला फिरतोय.

याच्या उलट बाजूचं उदाहरण पजी पेंग्विन्सचं. जुलै २०२१ मध्ये आलेली ८,८८८ पेंग्विनांची चित्रं. जानेवारी २०२२ पर्यंत संस्थापकांवरचा लोकांचा विश्वास इतका उडाला की मालकांनी मत देऊन त्यांना बाजूला व्हायला लावलं. एप्रिलमध्ये लुका नेट्झ आणि त्यांच्या साथीदारांनी ७५० इथरला सगळा कारभार विकत घेतला. त्यांनी खेळण्यांचा धंदा उभा केला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ही खेळणी वॉलमार्टच्या २,००० दुकानांत लागली. ती विकत घेणाऱ्या आईबापांना एनएफटीशी काही देणंघेणं नव्हतं. हा बाहेरून आलेला पैसा. टोकनचा भाव पुढेही वरखाली होत राहिला, पण संस्थापक गेल्यावरही कलेक्शन संपलं नाही, कारण मालक मंडळी जागेवर होती.

सहावी पायरी: माणसं ओळखा

माझी भाची नाशिकला चित्रकला शिकते. गेल्या वर्षी एका रात्री तिचा फोन आला.

‘मामा, आज साडेअकराला मिंट आहे. घेऊ ना?’

‘अगं, पंधरा दिवस थांब. नुसती त्यांच्या डिस्कॉर्डवर बस आणि वाच.’

‘तोवर संपेल की सगळं!’

‘संपू दे. चांगलं असेल तर बाजारात मिळेलच. थोडं महाग पडलं तरी चालेल.’

तिला वहीत चार रकाने आखायला सांगितले: भाव, फुकट मिळणाऱ्या गोष्टी, चित्रं, आणि एकमेकांना केलेली मदत. रोज पंधरा मिनिटं वाचायचं आणि संदेश ज्या रकान्यात बसेल तिथे एक रेघ मारायची. पंधरा दिवसांनी तिने वहीचा फोटो पाठवला. पहिले दोन रकाने रेघांनी गच्च भरले होते. चित्रांचा रकाना जवळजवळ कोरा. चित्रकला शिकणाऱ्या मुलीला याहून जास्त काही सांगावं लागलं नाही.

तुम्हीही हेच करा, आणि शक्यतो भाव पडलेल्या आठवड्यात करा. चढत्या बाजारात सगळेच एकमेकांना ‘भाऊ’ म्हणतात. उतरणीला लागल्यावर तिथे कोण बोलतं, काय बोलतं ते बघा. अवघड प्रश्न विचारणाऱ्याला मॉडरेटर उत्तर देतात की बाहेर काढतात? हे तर स्वतः विचारूनच बघता येतं. ‘तिजोरीचा हिशेब कुठे बघायला मिळेल?’ एवढंच सभ्यपणे विचारा. जिथे हिशेबाचा दुवा मिळतो ती जागा वेगळी, आणि जिथे ‘अफवा पसरवू नका’ असं ऐकायला मिळतं ती वेगळी. मंडळी स्वतःहून काही करतात का, हेही बघा: कुणी कथा लिहितं, कुणी साधनं बनवतं, कुणी शहरात भेटी जुळवतं. सदस्यांचा आकडा मात्र बघूच नका, तो विकत मिळतो.

सगळी मंडळी एकमताची असणं ही चांगली खूण नाही, हे मला नाउन्स या कलेक्शनकडे बघून पटलं. ऑगस्ट २०२१ पासून तिथे रोज एकाच चित्राचा लिलाव होतो आणि पैसे कुणाच्या खिशात न जाता सामायिक तिजोरीत जातात. संस्थापकांनी स्वतःसाठी पहिली पाच वर्षं दर दहावं चित्र ठेवलं, बस. चित्रं चेनवर आहेत आणि ती कुणीही कशीही वापरू शकतो. तिजोरी कशी वापरायची यावरून तिथे जोरदार भांडणं झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त चित्रांचे मालक आपल्या वाट्याचे, सगळे मिळून सुमारे २.७ कोटी डॉलर घेऊन वेगळे झाले. बाहेरून हे अपयश वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्यांना जायचं होतं त्यांना आपला वाटा नियमाने मिळाला, कुणाला कोर्टात जावं लागलं नाही, आणि उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी पुढचा लिलाव केला. आपला वाटा घेऊन बाहेर पडायची वाट नियमांतच लिहून ठेवलेली फार थोड्या ठिकाणी दिसते.

जुन्या मालकांची चिकाटी बघायला क्रिप्टोपंक्स हे उत्तम उदाहरण. जून २०१७ मध्ये मॅट हॉल आणि जॉन वॉटकिन्सन यांनी २४ बाय २४ ठिपक्यांचे १०,००० चेहरे काढले आणि त्यातले ९,००० फुकट वाटून टाकले. लागायचा तो फक्त गॅस, म्हणजे व्यवहाराची नेटवर्क फी. रोडमॅप नव्हता, कसलंही वचन नव्हतं. पहिल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये चूक निघाली तर दुसरं काढून वाटप दुरुस्त केलं. हक्क मार्च २०२२ मध्ये बोअर्ड एपवाल्या युगा लॅब्सकडे गेले, मे २०२५ मध्ये इन्फिनिट नोड फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे. मालकी अशी दोनदा हलली तरी पंक्स ते पंक्सच राहिले, कारण त्यांची किंमत कुठल्या कंपनीच्या पुढच्या घोषणेवर टेकलेली नव्हती.

ईथरस्कॅनवर ‘होल्डर्स’ हा टॅबही उघडून बघा. दहा हजार टोकनं आणि मालक हजारभरच असतील, त्यातही पहिल्या वीस वॉलेटकडे तिसरा हिस्सा असेल, तर ती मंडळी नसून चार-दोन साठेबाज आहेत. त्यातला एक विकायला निघाला की तुमचा भाव त्याच्या हातात.

सातवी पायरी: आकडे वाचताना

फ्लोअर म्हणजे विकायला ठेवलेल्या टोकनांपैकी सर्वात कमी मागितलेली किंमत. ती विकणाऱ्याची इच्छा आहे. तुम्हाला आज विकायचं झालं तर हातात येते ती सर्वात मोठी बोली, म्हणून बोल्यांचा रकाना बघा. ट्विटरचे जॅक डोर्सी यांच्या पहिल्या ट्वीटचं टोकन मार्च २०२१ मध्ये २९ लाख डॉलरला गेलं होतं. वर्षभराने मालकाने ते ४.८ कोटी डॉलर मागून विकायला काढलं, तेव्हा लिलाव संपताना आलेली मोठ्यात मोठी बोली तीनशे डॉलरच्याही आत होती.

उलाढालीच्या आकड्यावर भाळू नका. जानेवारी २०२२ मध्ये लुक्सरेअर हा बाजार उलाढालीनुसार बक्षीस म्हणून टोकनं वाटू लागला, तर लोक स्वतःच्याच दोन वॉलेटमध्ये मीबिट्स या कलेक्शनच्या टोकनांची देवाणघेवाण करत सुटले, कारण मीबिट्सवर रॉयल्टी नव्हती. कागदावर अब्जावधी डॉलरची उलाढाल, प्रत्यक्षात गिऱ्हाईक कुणीच नाही. गेल्या तीस दिवसांत किती वेगवेगळ्या वॉलेटांनी खरेदी केली, तो आकडा खरा. आणि भाव इथरमध्ये बघताना रुपयातही बघा. २०२१ च्या नोव्हेंबरात ४,८०० डॉलरच्या घरात गेलेला इथर २०२२ च्या जूनमध्ये हजाराच्या आसपास होता. फ्लोअर ‘तसाच’ दिसत असताना पैसे पाचवा हिस्सा झाले होते.

आठवी पायरी: हक्क, कर आणि किल्ली

टोकन घेतलं म्हणजे चित्राचे हक्क मिळाले असं नाही. परवान्याचा कागद शोधा. नाउन्समध्ये हक्क सगळ्या जगाला खुले आहेत. बोअर्ड एपमध्ये मालकाला आपल्या माकडाचा व्यापारी वापर करता येतो. पुष्कळ ठिकाणी नुसतं बघता येतं. चहाच्या कपावर छापून विकायचा बेत असेल तर हे आधी वाचा.

भारतात राहणाऱ्याने कराचं गणित खरेदीआधीच करावं. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर चार टक्के उपकर. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएसही लागू झाला. ५०,००० ला घेऊन ८०,००० ला विकलंत तर ३०,००० वर ९,००० कर आणि ३६० उपकर, म्हणजे ९,३६० रुपये. खरेदीची किंमत सोडून इतर खर्च वजा होत नाही, त्यामुळे विकताना बाजाराने घेतलेली फी तुमच्याच अंगावर. दुसऱ्या टोकनमध्ये ४०,००० बुडाले असले तरी ते या नफ्यातून वळते करता येत नाहीत, पुढच्या वर्षीही नेता येत नाहीत. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इथर देऊन एनएफटी घेणं हाही त्या इथरचा व्यवहारच धरला जातो. ३,००० डॉलरने घेतलेला इथर ४,००० डॉलरच्या भावाने खर्च केलात, तर त्या वाढीवर कर आहे. रक्कम मोठी असेल तर सीएला विचारूनच पुढे जा.

शेवटी किल्ली. २५ एप्रिल २०२२ ला बोअर्ड एपचं अधिकृत इन्स्टाग्राम खातं चोरांनी ताब्यात घेतलं आणि फुकट जमिनीचा दुवा टाकला. ज्यांनी त्यावर वॉलेट जोडून सही केली त्यांची टोकनं गेली. खातं खरं होतं, दुवा खोटा. त्यामुळे मिंटसाठी वेगळं वॉलेट ठेवा, त्यात लागतील तेवढेच पैसे टाका. जपून ठेवायची टोकनं हार्डवेअर वॉलेटमध्ये (किल्ली इंटरनेटपासून वेगळी ठेवणारं छोटं उपकरण), आणि ते कुठल्याही साइटला जोडायचं नाही. सही करताना ‘सेट-अप्रूव्हल-फॉर-ऑल’ दिसलं तर हात आवरा: ही सही एकदा दिली की त्या कलेक्शनमधली तुमची सगळी टोकनं समोरच्याला हलवता येतात. बारा किंवा चोवीस शब्दांची किल्ली कागदावर लिहा. तिचा फोटो काढू नका, व्हॉट्सअॅपवर तर घरच्यांनाही पाठवू नका.

एवढं सगळं बघून घ्यायचंच ठरलं, तर खरेदीच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा: तारीख, कॉन्ट्रॅक्टचा पूर्ण पत्ता, टोकन क्रमांक, इथरमधली आणि रुपयातली किंमत, त्या इथरची मूळ खरेदी किंमत. त्याखाली एक ओळ: हे मी कशासाठी घेतलं. आणि चित्राची मूळ फाइल स्वतःच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर त्याच दिवशी उतरवून ठेवा.